वजन ८६ किलो, लेप्टिन जवळजवळ शून्य : केंब्रिजच्या दोन मुलांचं प्रकरण

आठ वर्षांची मुलगी, वजन ८६ किलो. तिच्याच नात्यातला दोन वर्षांचा मुलगा, वजन २९ किलो. या वयात मुलीचं वजन साधारण २५ किलो असतं आणि मुलाचं १२. दोघंही मूळच्या पाकिस्तानी आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एकाच मोठ्या कुटुंबातली. दोघांचेही आईवडील आपसात रक्ताच्या नात्यातले. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयातल्या स्टीफन ओ'रहिली यांच्या गटाने या मुलांचा अभ्यास केला आणि जून १९९७ मध्ये तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकातला बिघाड माणसाला लठ्ठ करू शकतो, हे त्यातून पहिल्यांदा सिद्ध झालं.

वजन आणि आनुवंशिकता यांची गोष्ट निघाली की आपल्याकडे "मेटाबॉलिझम स्लो आहे" किंवा "थायरॉइडमुळे आहे" हे उत्तर तयार असतं. या मुलांमध्ये एकेक गोष्ट मोजली गेली आणि निघालं ते वेगळंच. ऊर्जेचं ज्वलन वजनाच्या मानाने ठीक होतं. बिघडली होती ती भूक, आणि तीही एका रेणूच्या अभावामुळे. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे.

मुलं कशी वाढली

जन्मवजन दोघांचंही सामान्य. पहिले काही महिने कुणाला वावगं वाटावं असं काही नाही. तीन-चार महिन्यांनंतर मात्र वजनाची रेषा वाढीच्या तक्त्यावरून जवळजवळ सरळ वर गेली आणि परत खाली आलीच नाही. मुलं सतत खायला मागत, ताटातलं संपलं की लगेच आणखी हवं असे, नाही म्हटलं की आकांत करत. मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची होईपर्यंत तिचे पाय वजनाने वाकले होते. त्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली, पायांतली चरबी शोषून काढण्याचाही प्रयत्न झाला. तिच्या शरीराचा ५७ टक्के भाग चरबीचा होता, मुलाच्या शरीराचा ५४ टक्के. निरोगी मुलांत हे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असतं.

मतिमंदत्व नव्हतं, चेहऱ्यात किंवा बोटांत काही वेगळं नव्हतं, उंची वयाला धरून होती. निदानाच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड कमी पडणं) आणि कुशिंग (कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणं) या दोन्ही आजारांत मूल जाड होतं खरं, पण त्याची उंची खुंटते. जाड आणि बुटकं मूल दिसलं तर आधी थायरॉइड आणि कॉर्टिसॉल पाहायचं. जाड पण वयाप्रमाणे किंवा वयापेक्षा उंच मूल दिसलं तर त्या दोन तपासण्यांतून सहसा काही निघत नाही. प्रेडर-विली सिंड्रोम या जन्मजात जनुकीय आजारात बाळ जन्मतः लुळं असतं, त्याला नीट चोखताही येत नाही. भूक सुटते ती पुढे काही वर्षांनी. इथे तसा काहीच इतिहास नव्हता.

रक्तात काय सापडलं

१९९४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरातलं 'ओबी' जनुक शोधून काढलं. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये आपोआप उपजलेले, सामान्य उंदराच्या तिप्पट वजनाचे ते उंदीर ज्या जनुकामुळे तसे होते, तेच हे जनुक. त्यातून चरबीच्या पेशींत एक प्रथिन तयार होतं. त्याला लेप्टिन असं नाव मिळालं. मग जगभर लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मोजण्याची लाट आली आणि सगळीकडे निकाल उलटाच आला : लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नव्हतं, भरपूर होतं. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. अनेकांनी तेव्हाच ठरवून टाकलं की उंदराची गोष्ट माणसाला लागू नाही.

केंब्रिजच्या या दोन मुलांत मुलीचं लेप्टिन १.० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं आणि मुलाचं ०.७. शरीरात इतकी चरबी असताना हा आकडा कितीतरी पटींनी जास्त असायला हवा होता.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. लेप्टिनचा आकडा एकटा वाचता येत नाही. सडपातळ मुलात १ किंवा २ नॅनोग्रॅम हा अगदी सामान्य आकडा आहे. ८६ किलोच्या मुलीत तोच आकडा भयंकर आहे. म्हणून नमुन्यासोबत वय, लिंग, वजन, उंची, आणि शक्य असेल तर चरबीचं प्रमाण नोंदवावंच लागतं. बायकांमध्ये समान चरबीला पुरुषांपेक्षा लेप्टिन जास्त असतं. शिवाय एक-दोन दिवसांच्या उपासानेही ते झपाट्याने पडतं, चरबी घटण्याच्या कितीतरी आधी. कडक डाएट चालू असताना घेतलेला नमुना म्हणूनच दिशाभूल करतो. मूल नेहमीसारखं खात असताना, रात्रभराच्या नेहमीच्या उपाशी वेळेनंतर, सकाळी रक्त घ्यावं.

एक अक्षर गळलं

लेप्टिनचं जनुक सातव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्याचे तीन एक्सॉन, म्हणजे कामाचे तुकडे, आहेत, पण प्रथिनाची माहिती त्यातल्या दोघांतच असते. म्हणजे वाचायला हे अगदी छोटं जनुक. दोन्ही मुलांत १३३ क्रमांकाच्या कोडॉनमधला (तीन अक्षरांच्या गटातला) ग्वानिन, म्हणजे डीएनएचं एक अक्षर, गळालेला होता, आणि तोही आईकडून आलेल्या व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. चारही पालकांत मात्र एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली.

एक अक्षर गळालं की पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची मांडणी सरकते. त्यामुळे १३३ पासून पुढे १४ चुकीची अमिनो आम्लं लागतात आणि मग अवेळी पूर्णविराम येतो. मूळ प्रथिन १६७ अमिनो आम्लांचं असतं. त्यातली पहिली २१ पेशीबाहेर जाताना छाटली जातात आणि १४६ अमिनो आम्लांचं लेप्टिन रक्तात उतरतं. शेवटच्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा ११७ व्या जागेवरच्या सिस्टीनशी गंधक-बंध जुळतो, आणि त्या बंधाने लेप्टिनचा आकार टिकतो. या मुलांत शेवटचा तुकडाच चुकीचा, त्यामुळे तो सिस्टीन नाही, बंध नाही, घडी नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींत हे बिघडलेलं जनुक घालून पाहिलं तेव्हा प्रथिन तयार होत होतं, पण बाहेर पडत नव्हतं. पेशी त्याला आतच अडवून मोडीत काढत होती. रक्तात लेप्टिन का नाही, याचं उत्तर इथे मिळालं.

तपासणी करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक इशारा. हे अक्षर जिथे गळालं तिथे ग्वानिनची ओळ लागून येते, आणि एकच अक्षर सलग अनेकदा आलं की काही प्रकारची सिक्वेन्सिंग यंत्रं मोजणीत चुकतात, एखादं कमी किंवा जास्त वाचतात. म्हणून असा निकाल सॅंगर या जुन्या वाचन-पद्धतीने पुन्हा पडताळावा आणि आईवडिलांचेही नमुने वाचावेत. पालकांपैकी एकातच बदल सापडला आणि मुलात मात्र दोन्ही प्रती बिघडलेल्या दिसल्या, तर दुसऱ्या बाजूने जनुकाचा मोठा तुकडाच गहाळ असण्याची शक्यता तपासावी लागते.

चरबी भरलेली, मेंदू दुष्काळात

लेप्टिन चरबीतून निघतं, रक्तावाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या आर्क्युएट केंद्रकात पोचतं आणि तिथल्या दोन प्रकारच्या चेतापेशींवर काम करतं. एका प्रकारच्या पेशी पीओएमसी नावाचं लांबलचक प्रथिन बनवतात. त्याचे तुकडे होऊन निघालेला अल्फा-एमएसएच पुढच्या पेशींवरच्या एमसी४आर ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो आणि भूक आवरतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी एजीआरपी सोडतात, ते याच ग्राहीला अडवतं आणि भूक चेतवतं. लेप्टिन पहिल्यांना जागं करतं, दुसऱ्यांना गप्प करतं. लेप्टिन नसेल तर पहिल्या निपचित आणि दुसऱ्या अहोरात्र कामावर.

कणगी धान्याने ओसंडून वाहते आहे, पण घरात ते सांगणारं कुणी नाही, आणि घर दुष्काळाच्या हिशेबाने चाललंय, अशी या मुलांच्या शरीराची अवस्था होती. दुष्काळात शरीर फक्त भूक वाढवून थांबत नाही. ज्यावर खर्च होतो त्या बाकीच्या गोष्टीही ते आवरतं घेतं. लेप्टिन नसलेल्या मुलांत वयात येण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही, कारण मेंदू एलएच आणि एफएसएच या वयात आणणाऱ्या संप्रेरकांचे ठोके सुरू करत नाही. रोगप्रतिकाराच्या टी पेशी, विशेषतः त्यांतल्या सीडी४ पेशी, संख्येने कमी आणि कामात ढिल्या असतात. अशा कुटुंबांत लठ्ठ मुलं लहानपणीच जंतुसंसर्गाने दगावल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या अक्षातही थोडा बिघाड दिसतो, आणि तो पाहून कुणी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली तर मूळ निदान वर्षानुवर्षं लांबू शकतं.

उंदरात आणि माणसात इथे एक महत्त्वाचा फरक निघाला. लेप्टिन नसलेला उंदीर थंड पडतो, कमी हालतो, ऊर्जा कमी जाळतो, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉनही (उंदरातलं कॉर्टिसॉलच्या जागेचं संप्रेरक) वाढलेलं असतं. या मुलांत विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च त्यांच्या शरीररचनेला जुळेल इतकाच निघाला. कॉर्टिसॉल ठीक होतं. जादा वजनाचा जवळजवळ सगळा हिशेब तोंडावाटे आत जाणाऱ्या अन्नात होता.

रोज सकाळी एक इंजेक्शन

जे हरवलंय तेच देणं, हा उपचार सरळ होता, आणि तो शक्यही झाला. रॉकफेलरकडून लेप्टिनचे हक्क २ कोटी डॉलर मोजून घेतलेल्या ॲमजेन कंपनीने जीवाणूंत तयार केलेलं मानवी लेप्टिन बनवलं होतं. त्याच्या सुरुवातीला एक मेथिओनिन जास्त असतं, म्हणून पुढे त्याचं नाव मेट्रेलेप्टिन पडलं. सदफ फारूकी, ओ'रहिली आणि सहकाऱ्यांनी ते मुलीला देणं सुरू केलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि वजन ९४.४ किलोवर गेलं होतं.

मात्रा एकूण वजनावर बेतलेली नव्हती. ती चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर ठरवली : दर किलोला ०.०२८ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सकाळी, कातडीखाली. तिच्या शरीराची चरबी वगळून सुमारे ४० किलो वजन उरत होतं असं धरलं तर ही मात्रा दिवसाला १ मिलिग्रॅमच्या थोडी पुढेमागे भरते. तेवढी चरबी असलेल्या निरोगी मुलीत जितकं लेप्टिन अपेक्षित असतं त्याच्या फक्त १० टक्के पातळी गाठायची, असा विचार होता. मुद्दाम कमी ठेवलेली मात्रा, आणि तीही पुरली.

पहिला परिणाम वजनात दिसला नाही, ताटावर दिसला. चाचणीसाठी मुलीसमोर हवं तेवढं अन्न ठेवलं जाई आणि तिने किती खाल्लं ते मोजलं जाई. हे खाणं ४२ टक्क्यांनी घटलं. अन्नाचा हट्ट गेला, भावंडांसोबत बसून जेवून उठणं सुरू झालं. दर महिन्याला एक-दोन किलो वजन उतरत राहिलं. बारा महिन्यांत १६.४ किलो वजन कमी झालं आणि त्यातलं १५.६ किलो म्हणजे ९५ टक्के निव्वळ चरबी होती. साध्या उपासमारीच्या डाएटमध्ये वजनासोबत स्नायूही बऱ्यापैकी झिजतात. इथे ते जवळजवळ जागेवर राहिले, आणि मूल वाढतच होतं.

हा हिशेब स्वतः करून पाहिला तर डोळे उघडतात. एक किलो चरबीत साधारण ९,००० किलोकॅलरी धरल्या तर १५.६ किलो म्हणजे १,४०,००० च्या आसपास. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागलं की रोज ३८५. म्हणजे तेल न लावलेल्या चार मध्यम पोळ्या. हा सरासरी फरक गाठायला जगभरातले लोक इच्छाशक्तीशी झगडतात आणि बहुतेक हरतात. या मुलीत तो एका इंजेक्शनने, कुणीही ताटावर पहारा न ठेवता, पडत गेला. वर्षभरात तिच्या ऊर्जाखर्चात असा मोठा बदल दिसला नाही. याच कारणासाठी हे प्रकरण भूक म्हणजे स्वभाव की शरीरक्रिया या वादात इतकं वजनदार ठरतं.

बारा महिन्यांच्या शेवटी रात्रीच्या वेळी तिच्या रक्तात एलएच आणि एफएसएचचे ठोके दिसू लागले, म्हणजे वयात येण्याची सुरुवात. लेप्टिनमुळे लहान मुलं अवेळी वयात येतील अशी भीती होती. तसं झालं नाही. लहान वयाच्या मुलांत वजन उतरलं पण ते ठोके सुरू झाले नाहीत. लेप्टिन वयात येण्याची परवानगी देतं, वेळ शरीर स्वतः ठरवतं.

२००२ मध्ये याच गटाने तीन मुलांचा, चार वर्षांपर्यंतच्या उपचारांचा अहवाल दिला. सगळ्यांत धाकट्या मुलाचं वजन ४२ किलो होतं आणि त्याला धड हालताही येत नव्हतं. चार वर्षांनी तो ३२ किलोचा झाला, म्हणजे मधल्या काळात उंची वाढली आणि वजन उतरलं, आणि तो त्याच्या वयाच्या मुलांच्या ओळीत येऊन बसला. सीडी४ पेशींची संख्या सुधारली, इन्सुलिन आणि रक्तातले मेद उतरले. उशीर झाला तरी उपचार लागू पडतो, हे तुर्कस्तानातल्या एका कुटुंबातून कळलं. त्यांच्या लेप्टिनमध्ये १०५ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आलं होतं. तिथल्या तीन प्रौढांवर अमेरिकेत उपचार झाले आणि १८ महिन्यांत त्यांचा सरासरी बीएमआय ५१.२ वरून २६.९ वर आला. हा निकाल २००४ मध्ये छापला गेला.

भूक मेंदूत कशी दिसते, हेही पुढे तपासलं गेलं. २००७ च्या अभ्यासात लेप्टिन नसलेल्या दोघांना स्कॅनरमध्ये झोपवून अन्नाची चित्रं दाखवली. उपचाराआधी पोट भरलेलं असो वा रिकामं, आवड-बक्षीस सांभाळणारा व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग तितकाच पेटत होता, आणि बेचव पदार्थही त्यांना चांगलेच वाटत होते. सात दिवसांच्या लेप्टिननंतर तो भाग फक्त उपाशीपोटी पेटू लागला. "ते मूल काहीही खातं, त्याला चवच कळत नाही" असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

उपचारात काय बिघडतं

मोठी अडचण प्रतिपिंडांची. ज्या शरीराने जन्मात लेप्टिन पाहिलेलं नाही, त्याला इंजेक्शनमधलं लेप्टिन परकं वाटतं आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवतं. पहिल्या मुलीतही ते तयार झाले होते. बऱ्याचदा ते लेप्टिनला नुसते चिकटून राहतात, निष्क्रिय करत नाहीत. काहींत मात्र ते लेप्टिनचं काम थांबवतात, भूक परत येते आणि वजन पुन्हा चढतं. अशा वेळी मात्रा वाढवून काम चालवावं लागतं. प्रतिपिंड असताना रक्तातला लेप्टिनचा आकडा विश्वासाचा राहत नाही, कारण चिकटलेलं आणि मोकळं लेप्टिन तपासणीत एकत्र येऊ शकतं. त्यामुळे पाठपुरावा आकड्यावर न ठेवता भुकेवर आणि वजनावर ठेवायचा. आईला "तो पुन्हा खायला मागतोय" असं वाटलं तर ती तक्रार प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच गंभीर मानायची.

औषध हाताळण्यातही चुका होतात. आज मिळणारं मेट्रेलेप्टिन ११.३ मिलिग्रॅमच्या बाटलीत कोरड्या पुडीच्या रूपात येतं. ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायचं. त्यात २.२ मिलिलिटर पाणी घातलं की प्रत्येक मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असं द्रावण होतं. जीवाणूरोधक पाण्यात विरघळवलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस चालतं, साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवलं तर लगेच वापरून उरलेलं टाकायचं. जीवाणूरोधक पाण्यात बेन्झिल अल्कोहोल असतं, ते तान्ह्या बाळांना चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी साधंच पाणी. बाटली हलवून घुसळायची नाही, हलकेच फिरवायची. १ मिलिग्रॅम म्हणजे ०.२ मिलिलिटर, म्हणजेच १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर २० ची खूण. घरच्यांना हे शिकवताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट या तिन्हींची गल्लत हमखास होते. कागदावर फक्त सिरिंजवरची खूण मोठ्या अक्षरात लिहून द्यावी.

अमेरिकेत २०१४ मध्ये या औषधाला लिपोडिस्ट्रॉफीसाठी परवानगी मिळाली. तो आजार म्हणजे शरीरात चरबीच जवळजवळ नसणं, आणि म्हणून लेप्टिनही नसणं. त्या परवानगीसोबत निष्क्रिय करणारे प्रतिपिंड आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) यांबद्दल ठळक इशारा आहे. उपचार जन्मभराचा आहे. थांबवला की भूक परतते.

साध्या लठ्ठपणाला लेप्टिन का लागू पडत नाही

हा प्रश्न येणारच. १९९९ मध्येच लठ्ठ प्रौढांवर लेप्टिनची चाचणी झाली. या मुलांपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रा दिल्या, तरी परिणाम माफक आणि माणसागणिक फार वेगळा आला. कारण या लोकांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर होतं. अभाव भरून काढता येतो, पण भरलेल्यात आणखी ओतून फारसं काही होत नाही. सर्वसाधारण लठ्ठपणात आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असला, तरी तो शेकडो छोट्या फरकांतून येतो. त्यातला सर्वांत ठळक एफटीओ जनुकाजवळचा. त्याच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असलेली माणसं त्या नसलेल्यांपेक्षा सरासरी फक्त ३ किलोने जड असतात. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या 'वजनाची जीन टेस्ट'चा अहवाल आणि या मुलांचं निदान एकाच पंगतीत बसवू नयेत.

मधली पायरीही आहे. मुलांच्या पालकांसारखे, म्हणजे एक प्रत बिघडलेली असलेले १३ जण २००१ मध्ये तपासले. त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय ३० च्या वर होता, त्याच मूळच्या इतर लोकांत मात्र सुमारे चौथ्या हिश्श्याचाच. त्यांचं लेप्टिन शून्य नव्हतं, अपेक्षेपेक्षा कमी होतं. म्हणजे लेप्टिन थोडं घटलं तरी शरीर थोडी जास्त चरबी साठवून तेवढ्याने समाधान मानतं.

आपल्याकडच्या दवाखान्यात

रक्ताच्या नात्यातली लग्नं हा केवळ सीमेपलीकडचा विषय नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा जोडप्याच्या मुलांत एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन मिळण्याची शक्यता वाढते. पाकिस्तानात रक्ताच्या नात्यातल्या लग्नांतून जन्मलेल्या अतिलठ्ठ मुलांच्या अभ्यासात सुमारे ३० टक्के मुलांत एकाच जनुकाचा बिघाड सापडला होता. त्यात लेप्टिन, लेप्टिनचा ग्राही आणि एमसी४आर हे मुख्य.

आपल्या घरांत पहिल्या वर्षातलं गुटगुटीत बाळ म्हणजे कौतुक. "छान बाळसं धरलंय" हे ऐकण्यात संशयाचे पहिले सहा महिने निघून जातात. पण वजन कधीपासून चढलं हे सांगणारा पुरावा बहुतेक घरांत असतो : लसीकरणाच्या वेळचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि अंगणवाडीतली महिन्याची वजनं. कमी वजन शोधण्यासाठी ठेवलेली ती नोंद इथे उलट्या बाजूने कामाला येते. जन्मवजन सामान्य, सहा महिन्यांच्या आत रेषा वरच्या सर्व रेषा ओलांडून गेली, पाच वर्षांच्या आत अतिलठ्ठपणा, आणि न आवरणारी भूक. एवढं जुळलं की लेप्टिन मोजावं. पालक नात्यातले असतील किंवा घरात असंच एखादं मूल लहानपणी संसर्गाने गेलं असेल, तर आणखी घाई करावी.

लेप्टिन जवळजवळ शून्य आलं तर जनुक वाचायचं. वजनाला साजेसं किंवा जास्त आलं तर दोन सापळे टाळायचे. पहिला लेप्टिनच्या ग्राहीचा बिघाड, त्यात लेप्टिन नेहमीसारखंच दिसू शकतं. दुसरा जास्त फसवा. २०१५ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या डॉक्टरांनी अडीच वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण मांडलं. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर होतं, पण १०० व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी टायरोसिन आल्यामुळे ते ग्राहीला चिकटतच नव्हतं. तपासणी लेप्टिन मोजत होती, त्याचं काम मोजत नव्हती. त्या मुलालाही मेट्रेलेप्टिन लागू पडलं. तेव्हा चित्र पक्कं जुळत असेल तर आकडा चांगला आला म्हणून थांबू नये, जनुक वाचून घ्यावं.

तान्हेपणापासून सतत जुलाब, जेवणानंतर काही तासांनी साखर पडणं, आणि जोडीला लठ्ठपणा, असं असेल तर पीसीएसके१ कडे वळावं. या जनुकाचं विकर (एन्झाइम) लांब पूर्वसंप्रेरकांना कापून कामाची संप्रेरकं बनवतं. ते नसेल तर प्रोइन्सुलिन साचतं आणि खरं इन्सुलिन कमी पडतं. इन्सुलिनच्या काही तपासण्या प्रोइन्सुलिनलाही इन्सुलिन समजून मोजतात, म्हणून दोन्ही वेगवेगळी मागवावीत. पीओएमसीच्या बिघाडात नवजात बाळातच कॉर्टिसॉल कमी पडून साखर घसरते, आणि ते वेळेत न ओळखलं तर जीव जाऊ शकतो. लालसर केस हे पुस्तकातलं लक्षण, पण काळ्या केसांच्या घराण्यांत ते न दिसण्याचीही शक्यता असते. पीओएमसी, पीसीएसके१ आणि लेप्टिन-ग्राही या तिघांसाठी २०२० पासून अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड हे औषध मंजूर आहे. ते साखळीच्या शेवटच्या एमसी४आर ग्राहीलाच जाऊन चेतवतं.

निदान होईपर्यंत घराला काय सोसावं लागतं, याचा विचार डॉक्टरांनीच करायचा असतो. ब्रिटनमध्ये काही अतिलठ्ठ मुलं, पालक मुद्दाम जास्त खाऊ घालतात या समजुतीने, समाजकल्याण खात्याच्या धोक्यातल्या मुलांच्या यादीत टाकली गेली होती. केंब्रिजच्या गटाला त्यांच्यात सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ सापडला, आणि त्यानंतर ती नावं यादीतून निघाली. अन्नाला कुलूप लावणारी आई आणि मुलाला भरवत राहणारी आई, दोघींनाही तपासणीच्या आधी दोष देऊ नये.

अनुवंश-समुपदेशनात एक आकडा स्पष्ट सांगावा : दोन्ही पालकांत एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, आधीचं मूल कसंही असो. घरात बदल माहीत असेल तर पुढच्या बाळाच्या जन्मानंतर लगेच तेवढंच एक ठिकाण वाचून घेता येतं, आणि भूक सुटण्याच्या आधी, म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांतच, उपचाराची तयारी करता येते.